मूळचा आणि जोडाचा

मुलीला जुळी झाली त्या वर्षीची गोष्ट. सासरेबुवा जावयाकडेच राहत. जुळ्यांना बघायला व्याही आले, ते परत जायचं नाव काढीनात. खिडकी उघडी हवी की बंद, यावरून दोघांची रोज जुंपायची.

जावयाचं काम लिनक्स या संगणक प्रणालीचं. कंपन्यांना मिळणाऱ्या मूळ प्रणालीत जी पॅकेजं, म्हणजे तयार प्रोग्रॅम, नसतात, ती स्वयंसेवक वेगळ्या कोठारात ठेवतात; त्याला ही मंडळी जोडाची रिपो म्हणत. तिथलं एक जुनं पॅकेज जावई सांभाळायचा. लाडानं त्याला 'म्हातारा' म्हणायचा. सासरेबुवांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी दाढी करताना त्यांच्या कानावर जावयाचा फोन पडला.

"अरे, नियमच आहे. मूळचा आला की जोडाचा ठेवता येत नाही. एका जागी आले की भांडतात. हो, म्हाताऱ्याला गुरुवारी काढतोय. वाईट वाटतं रे, इतकी वर्षं सांभाळला."

सासरेबुवांचा अर्धा गाल साबणातच राहिला. मूळचा म्हणजे बाप, जोडाचा म्हणजे सासरा; यात न कळण्यासारखं काय होतं? त्यांनी बॅग भरायला घेतली.

"कुठं निघालात?" व्याह्यांनी दारातून विचारलं.

"तुमचा मुलगा मला काढतोय. आपण भांडतो म्हणून."

"आपण? भांडतो? अहो, चर्चा असते ती!" व्याह्यांनी आपलीही बॅग ओढली. "मीच जातो. मूळचाच नसला तर तुम्हाला कोण काढेल?"

"गप्प बसा. नातवंडं तुमच्या घराण्याची."

"आणि झोपवतं कोण त्यांना? माझ्याकडे आली की भोकाड पसरतात!"

मी जातो, मी जातो, यावरून इतका आवाज चढला की जुळी उठली. मुलगी धावत आली. बघते तर दोन बॅगा आणि अर्धी दाढी. मागून जावई आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, म्हातारा म्हणजे पॅकेज हो! मूळवाले आता स्वतःच ते देणार, म्हणून माझं काढायचं."

सासरेबुवा पलंगावर टेकले. "म्हणजे त्याचं काही चुकलं नव्हतं?"

"नाही."

"तरी काढणार?"

"नियम आहे, बाबा."

"खड्ड्यात गेला तुझा नियम," व्याही म्हणाले आणि सासरेबुवांचे सदरे पुन्हा कपाटात लावू लागले.

रिपोतला म्हातारा गुरुवारी दुपारी गेला. व्याही त्यानंतर सहा वर्षांनी, उन्हाळ्यात, झोपेतच गेले. सासरेबुवा त्याच वर्षी थंडीत, त्याच घरात.