सातव्या बादलीतला गहू

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पिळलेलं लिंबू कचऱ्यात टाकायची सोय नाही. चौथ्या मजल्यावरचे बोरसेकाका ते मागायला येतात. पूजा असो, साखरपुडा असो, आपण सरबताचा पेला तोंडाला लावतो न लावतो तोच काका हळूच विचारतात, "सालं कुठे टाकलीत?" नाक्यावरचा भेळवाला तर त्यांच्यासाठी वेगळी पिशवीच भरून ठेवतो.

हे सगळं गच्चीतल्या गव्हासाठी. पंधरा जुन्या बादल्यांत काका गहू पिकवतात. सालांचं आंबट पाणी करायचं, त्यात चमचाभर युरिया विरघळवायचा आणि बेताबेतानं घालायचा. मी एकदा विचारलं, "नुसता युरिया टाकला तर?"

"पळून जातो. हवेत. सोबत आंबट असलं की मातीत थांबतो. एकट्यानं जमत नाही रे."

हे त्यांचं पालुपद. लिफ्टमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही. स्वतः मात्र घरात एकटेच.

आम्ही कोकणातले, भातवाले. गहू पिशवीतच उगवतो अशी माझी समजूत. तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे जाताना काकांनी गच्चीची किल्ली मलाच दिली. "फक्त पाणी. जास्त शहाणपणा करू नकोस. आणि सातव्या बादलीला जप. तिच्या लोंब्या मला एका माणसाला नेऊन द्यायच्यात."

नेमका तिथेच शहाणपणा केला. सातवीतली माती विटेसारखी घट्ट, रोपं पिवळट. म्हटलं, काका येईपर्यंत हिरवीगार करून टाकू, खूश होतील. डब्यातला युरिया मूठभर घेतला आणि टाकला. चौथ्या दिवशी पानं टोकांपासून जळत आली.

काळा चष्मा लावून काका गच्चीत आले. सातवीसमोर उकिडवे बसले. "काय झालं रे हे?"

"ऊन फार होतं ना, काका."

इतकं सफाईदार खोटं मी ऑफिसातही बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी वर गेलो तर काका बादल्या टाकीच्या सावलीत ओढत होते. डॉक्टरांनी वाकायला बंदी केलेली, डोळ्याला धार लागलेली आणि आठ बादल्या हलवून झालेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, थांबा. ऊन नव्हतं. मीच युरिया टाकला. मूठभर."

ते तिथेच खाली बसले. मला वाटलं, आता शिव्या.

"माझा दादाही विचारायचा, अजून टाकू का? मी खतकंपनीचा माणूस. म्हणायचो, टाक, दर वर्षी थोडा जास्त टाक. जमिनीचा दगड झाला. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी." त्यांनी सातवीवर हात ठेवला. "ही त्याच्याच शेतातली माती. न विचारता आणली. लोंब्या आल्या असत्या तर घेऊन गेलो असतो. तेवढंच निमित्त."

मला मान वर करवेना. "पुन्हा पेरू ना, काका. लिंबं मी आणतो."

"पेरायला आता पुढची थंडी. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहे रे."

बराच वेळ ते जळकी पानं खुडत राहिले. मग म्हणाले, "हीच बादली नेतो. दाखवतो त्याला, चूक अजून तीच होते."

मी उठायला लागलो, तर त्यांनी माझ्या मनगटाला धरलं.

"रविवारी मोकळा आहेस ना? चल सोबत. एकट्यानं जमत नाही रे."