इमारतीला नवं बांधायचंय!

मोजक्या शब्दांत निरोप लिहावा तर मीच! टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत, लोकांच्या तारा दहा शब्दांत बसवून दिल्या आहेत. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर मी टाकलेल्या निरोपात कुणी चूक काढेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तरी आमच्या चार मजली इमारतीत भूकंप झाला!

त्याचं असं झालं. आमची सानिका असते टोरांटोला. सोमवारी तिचा फोन. "बाबा, आज इथे थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे. पीक हाती आलं म्हणून सगळा देश आभार मानतो. केवढी जुनी परंपरा आहे माहितीये?"

"मग आपल्याकडे नाही होय?" मी उसळलो. "नव्याची पौर्णिमा विसरलीस?"

ती विसरली नव्हती. तिला माहीतच नव्हती! चूक माझीच. लांज्याजवळचं गाव सोडून रत्नागिरीत फ्लॅट घेतला आणि नवं बांधणं राहूनच गेलं. आई त्या दिवशी आंब्याच्या पानावर भाताची लोंबी, नाचणीचं कणीस आणि कुर्डूचं फूल ठेवून दोऱ्याने बांधायची. हेच आमचं नवं. गेल्या वर्षीचं वाळलेलं उतरवायचं आणि हे दाराला, विहिरीच्या रहाटाला, नांगराला, जात्याला बांधायचं. वर्षभर जो जो राबला, त्याला नवं! एकदा तिने ते माझ्या दप्तरालाही बांधलं होतं. मी काही राबलो नव्हतो, गणितात नापास होतो. पण नव्या तांदळाच्या खिरीचा तो वास आठवला आणि खरं सांगतो, फोन ठेवल्यावर डोळे भरून आले. तिथल्या तिथे ठरवलं, यंदा अख्ख्या इमारतीला नवं बांधायचं!

ग्रुपवर लिहिलं, "गुरुवारी पौर्णिमेला सकाळी नऊ वाजता आपल्या इमारतीचं जुनं उतरवून नवं बांधू. साहित्य माझं. सर्वांनी हजर राहावे." उतरवायला जुनं काही नव्हतंच, पण आईचं बोलणं जसंच्या तसं लिहून गेलो.

इमारतीतली बहुतेक बिऱ्हाडं बदलीवर येऊन इथेच फ्लॅट घेतलेली, घाटावरची. हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. पाचच मिनिटांत सेक्रेटरी प्रमोदरावांचा फोन. माणूस सांगलीचा.

"काका, छुपे रुस्तम निघालात की! लिफ्टचं पण करायचं?"

"लिफ्टचंही! वर्षभर बिचारी राबलीये."

"आणि पार्किंगचं?"

"सगळ्या गाड्यांचं. एकही सुटायची नाही!"

"झकास! प्रत्येक फ्लॅटला वाढीव किती मिळंल?"

वाढीव कशाला पाहिजे याला? म्हटलं, असेल हौशी. "मुठीत मावेल एवढं!"

"चेष्टा करताय होय! बरं, काम किती दिवसांचं?"

"दिवस कसले? तासाभरात उरकू!"

 मग "मशिनरी मोठी दिसतीया" असं काहीतरी पुटपुटून त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी मी मिरजोळ्याच्या एका मित्राच्या शेतातून भाराभर लोंब्या घेऊन आलो. बघतो तर अख्खी इमारत खाली! मला गहिवरूनच आलं. पण एकाच्या हातात मोजायची टेप. शेजारच्या रसिकाताईंच्या हातात नव्या स्वयंपाकघराचा नकाशा. एक हेल्मेटवाला अनोळखी माणूस भिंतीवर टकटक करत होता. आणि जिन्याशी भल्यामोठ्या ट्रंकेवर बसलेली गोदूमावशी!

मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तळमजल्यावर एकटी राहते. मोबाइल नाही. म्हणून प्रमोदरावांनी घरी जाऊन तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, "हरिश्चंद्रकाका इमारत पाडून नवी बांधणार आहेत." तेव्हापासून ती सामान बांधत होती.

"काय रे मेल्या हरी," ट्रंक घट्ट धरून ती म्हणाली, "माझे दिवस ते किती उरले? तेवढे तरी थांबायचं होतंस! आमचे हे याच घरातून गेले. मी आता कुठे जाऊ?"

भारा माझ्या हातून खालीच पडला. "मावशी, कोण पाडतंय? मी नवं बांधतोय!"

"अहो, जुनं पाडल्याशिवाय नवं कसं बांधणार?" प्रमोदराव मला समजावू लागले.

मावशीची नजर भाऱ्यावर गेली. तिने वाकून एक लोंबी उचलली, नाकाला लावली. "हे नवं होय!" म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली. मग उठली ती थेट प्रमोदरावांवर. "आणि तू रे? मला पाडायचं काय सांगत होतास?"

"पण स्लॅब कधी टाकायचा?" हेल्मेटवाल्याने मध्येच विचारलं.

"थांब, तुझ्या डोक्यालाच बांधते!" आणि मावशीने खरोखर त्याच्या हेल्मेटच्या पट्ट्याला पहिलं नवं बांधलं. दुसरं स्वतःच्या दाराला. नकाशे गुंडाळले गेले, आणि तासाभरात लिफ्टसकट सगळं उरकलं. रसिकाताईंनी तर मिक्सरलाही बांधलं.

मावशीची ट्रंक मी आणि माझी बायको मथुरा, दोघांनी मिळून रिकामी केली. सगळं मिळालं, फक्त तवा मिळेना. नवा घेऊ म्हटलं तर मावशी ऐकेना, तिला तोच पाहिजे. तेव्हापासून ती दोन्ही वेळा आमच्याकडेच जेवते. काल तिचा सिलिंडर सरकवायला गेलो, तर खाटेखाली तवा! तेल लावून वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला. म्हटलं, म्हातारीला एकटं जेववत नसेल, म्हणून लपवला असेल. मी मोठ्या मनाने गप्प राहिलो आणि घरी येऊन मथुरेच्या कानात सांगितलं.

"हळू बोला!" ती म्हणाली. "मीच ठेवलाय तो तिथे. सानिका गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलायला आहे कोण?"

मी समोरच उभा होतो हो!