करमाड पडद्यावर मावत नाही

छत्रपती संभाजीनगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला, जालना रोडवरून वाळूजला जाणाऱ्या शिफ्टच्या बसचे ॲप करायचे काम मिळाले. मागणीपत्रात थांबे स्पष्ट होते: बदनापूर, करमाड, शेंद्रा, वाळूज. डिझायनर स्वरदाने काढलेल्या आराखड्यात मात्र करमाड नव्हते. करमाड आणि शेंद्रा ही नावे पडद्यावर एकमेकांवर चढत होती आणि ते दिसायला बरे दिसत नव्हते.

चाचणी करणाऱ्या संघपालने ही विसंगती सकाळच्या उभ्या बैठकीत मांडली. लवकर संपावी म्हणून ही बैठक उभ्याने घेतात. पाय दुखले की सगळे बसतात आणि मग ती खरी सुरू होते.

"दोन्ही जुळलंच पाहिजे," प्रकल्पप्रमुख हिमांशू म्हणाला. "आपण अजाइल आहोत. बदलाला घाबरत नाही."

"मग आराखड्यात करमाड टाकू या?" संघपालने विचारले.

"आराखडा ग्राहकाला आवडलाय. मागणी बदला."

मागणीपत्रातून करमाड वगळले. विसंगती मिटली म्हणून इमरती वाटली. ड्रायव्हर मोतीराम ॲप सांगेल तिथेच बस थांबवू लागला.

करमाडच्या रत्नमालाबाई वाळूजच्या कारखान्यात कायम व्हायच्या बेतात होत्या. कामावर उशीर झाला की नाव कटणार होते. त्यांनी ॲपवाल्या कंपनीला फोन लावला. "अवो, बस न थांबता गेली ना!"

"ताई, सिस्टीममध्ये करमाड नाही," हिमांशू म्हणाला.

"नाय कसं? मी करमाडातच उभी हाय की!"

तक्रार गांभीर्याने घेतली गेली. पथक कारने पाहणीला गेले. निष्कर्ष असा निघाला, की गाव जागेवर आहे, परंतु मागणीपत्र व आराखडा या दोहोंशी विसंगत आहे. हिमांशूने नम्रपणे सुचवले, "ताई, तुम्हीच शेंद्र्याला राहायला गेलात तर सगळं जुळेल."

"जाते की. माझ्या म्हशी तुमच्या ॲपात बसतेत का, ते बघा आधी."

स्वरदा लगेच म्हशीचे चिन्ह काढायला बसली. संघपालला फार वाईट वाटले, पण तो त्या पाहणीचा विषय नव्हता.

शेवटी प्रवाशांचे मत मागवले. ते बसमध्येच घेतले. बस आता लवकर पोचते, म्हणून सर्वांनी पाचही तारे दिले. करमाडचा एकही प्रवासी नाराज आढळला नाही.

रत्नमालाबाई कायम झाल्या नाहीत. बस पहिल्यांदा न थांबता गेली, त्या सकाळी त्या रस्त्याकडेला दोन्ही हात हलवत होत्या आणि मोतीरामने ब्रेकवर पायही ठेवला होता. खिडकीशी, वाचकहो, आपणच बसला होतात. "चला हो मामा, ॲपात इथं थांबा नाय," असे आपणच म्हणालात.