बाळाकडची मंडळी

रविवारी सकाळी जन्माला न आलेलं एक बाळ मिलिंद धामणकरला बघायला आलं. ते अजून लहान असल्यामुळे बरोबर दोन मोठी माणसं होती.

मी धामणकरांच्या खालच्या मजल्यावर राहतो. मुलाकडचं कोणी वडीलधारं हवं म्हणून मिलिंदने मला वर बोलावलं होतं. साताऱ्यात बघण्याच्या कार्यक्रमांना मी इतक्यांदा बसलो आहे की पोह्यांचा पहिला घास घेताच लग्न जमणार की नाही हे सांगू शकतो. तरीही त्या दिवशी माझा पुरता गोंधळ उडाला होता. एरवी मुलाकडच्यांनी ताठ बसायचं आणि समोरच्यांनी थोडं वाकायचं, हे ठरलेलं असतं. इथे आम्ही मुलाकडचे होतो खरे, पण बघायला ते आले होते. मी आधी ताठ बसलो, मग थोडा वाकलो, आणि शेवटी पाठ दुखायला लागली म्हणून लोडाला टेकलो.

मिलिंद एक्केचाळीस वर्षांचा, पोवई नाक्यावर त्याचं चष्म्याचं दुकान. बारा वर्षं तो मुली बघत होता. कधी त्याने नाही म्हटलं, कधी त्यांनी, आणि पुढे पुढे तर कोण कोणाला नाही म्हणतंय हेही लक्षात राहीनासं झालं. एक दिवस तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, मला लग्नाचं आता राहू दे. पण घरात मूल हवं. मी सरोगसीचं बघतोय."

मी म्हणालो, "चांगलं आहे. निदान बघण्याचे कार्यक्रम तरी सुटतील."

यात माझी माहिती कमी पडली. एकट्या पुरुषांच्या बाबतीत बाळ स्वतः येऊन पसंत केल्याशिवाय संस्था पुढे जात नाही. संस्थेच्या परचुऱ्यांनी आल्याआल्या तसं स्पष्टच सांगितलं. त्यांच्या शेजारी कोरेगावच्या सुरेखा माने बसल्या होत्या. बाळ नऊ महिने यांच्याकडे राहणार होतं. बाळ मधल्या खुर्चीवर बसलं. त्याचे पाय जमिनीला पोचत नव्हते आणि बाळ ते हलवतही नव्हतं. मुलगा की मुलगी हे विचारणं गुन्हा असल्यामुळे आम्ही कोणी विचारलं नाही, आणि बाळानेही सांगितलं नाही.

पोहे शालनमावशींनी केले होते. मिलिंदची आई गेल्यापासून त्याचं घर त्याच सांभाळतात. पण ट्रे कोणी न्यायचा यावर स्वयंपाकघरात थोडी कुजबुज झाली. ज्याला बघायचं आहे त्यानेच ट्रे न्यायचा, असा मी निकाल दिला. मिलिंदने ट्रे आणला. कपबशा वाजत होत्या. बारा वर्षांत त्याने कित्येक मुलींना असा ट्रे आणताना पाहिलं होतं, पण तो इतका जड असतो हे त्याला ठाऊक नव्हतं, असं तो मला नंतर म्हणाला.

"पत्रिका?" परचुऱ्यांनी विचारलं.

मी मिलिंदची पत्रिका पुढे केली. बाळाची अजून तयार व्हायची होती. परचुऱ्यांनी एकच पत्रिका बराच वेळ पाहिली आणि जुळते म्हणाले.

"चालून दाखवा," बाळ म्हणालं.

मिलिंद दिवाणापासून फ्रिजपर्यंत चालला.

"असं नाही. कडेवर घेऊन."

मावशींनी आतून रव्याची पिशवी आणून दिली. मिलिंदने ती कडेवर घेतली आणि खोलीला दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला त्याने पिशवीच्या पाठीवर हलकेच थोपटलं. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सुरेखाबाईंनी बाळाकडे बघितलं, बाळ पिशवीकडे बघत होतं.

"भात मऊ करता येतो?"

"येतो. नाही झाला तर पुन्हा एक शिट्टी काढतो."

"हाक मारली की उठता?"

"एका हाकेत नाही," मिलिंद म्हणाला. "दुसऱ्या हाकेला उठतो."

मी घसा खाकरला. अशा वेळी थोडं वाढवूनच सांगायचं असतं. पण बाळाने मान हलवली.

"गाणं येतं का काही? झोपवायचं."

मिलिंदचा चेहरा पडला. त्याला गाणं येत नाही, आरतीतसुद्धा तो नुसत्या टाळ्या वाजवतो. मग त्याने समोरच्या भिंतीकडे पाहत, दुकानातला नजर तपासायचा तक्ता म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळीचं मोठं अक्षर त्याने मोठ्याने म्हटलं. "क." मग "ग, म." मग आणखी हळू, "न, ट, प, र." तक्त्यातली अक्षरं जशी लहान होत जातात तसा त्याचा आवाज लहान होत गेला. शेवटची ओळ नुसती ओठांतच राहिली. बाळाचे डोळे मिटले होते. मला हे सगळं बरोबर चाललंय की चूक, काही समजेना.

रिवाजाप्रमाणे मी म्हणालो, "आता दोघांना जरा एकटं बोलू द्या."

दोघं गॅलरीत गेले. गॅलरीच्या खिडकीची एक झडप लागत नाही, त्यामुळे आम्ही सगळे आत बसून ऐकत होतो आणि ऐकत नसल्यासारखे चहा पीत होतो.

"लग्न जमत नाही म्हणून मी का?" बाळाने विचारलं.

मावशींनी कप खाली ठेवला.

"आधी तसंच होतं," मिलिंद म्हणाला. "खोटं कशाला बोलू? सगळ्यांच्या घरी कोणीतरी असतं, माझ्याही असावं, एवढंच वाटायचं. कोणीही चाललं असतं. मग एक दिवस दुकानात एक लहान पोर पहिल्यांदा चष्मा लावून बाहेर बघायला लागलं. झाडाला सुटी सुटी पानं असतात, म्हणालं. त्या दिवसापासून मला नुसतं कोणीही चालत नाही. तू... म्हणजे तुम्ही... यावं असं वाटतं."

"तू चालेल," बाळ म्हणालं. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणालं, "म्हणजे मी पसंत आहे?"

आणि मिलिंद म्हणाला, "घरी विचारून कळवतो."

बारा वर्षं प्रत्येक गॅलरीत, प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक देवळाच्या पायरीवर तो शेवटी हेच म्हणत आला होता. तोंडाला वळण पडलेलं. आपण काय बोललो हे त्याला कळलंही नाही. बाळाला मात्र कळलं, कारण कळवतो म्हणजे नाही, हे आपल्याकडे जन्माला येण्याआधीपासून सगळ्यांना माहीत असतं.

"बरं," बाळ म्हणालं.

मंडळी उठली. मावशींनी सुरेखाबाईंची खणानारळाने ओटी भरली. बाळाच्या हातात काय द्यावं ते न सुचल्याने मी त्याला नमस्कार केला. जिन्यावरून ते एकेक पायरी उतरत गेलं, मागे न बघता.

मिलिंद बशा विसळायला मोरीत गेला. नळ चालू होता. मग एक बशी फुटली.

"काका," तो ओल्या हातांनी बाहेर येऊन म्हणाला, "मी काय बोललो?"

मी सांगितलं. तो जमिनीवरच बसला. कोणतीही मुलगी नाही म्हणाली तेव्हा तो असा बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही परचुऱ्यांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "होकार असेल तर तो बाळाच्या घरी जाऊन, समक्ष कळवायचा. आमच्याकडे ठेवून घेता येत नाही."

"बाळाचं घर कुठे?"

"ते आम्हाला कसं माहीत असणार?"

तिथून आम्ही एस.टी.ने कोरेगावला गेलो. सुरेखाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला घोंगडं टाकून दिलं.

"बाळ हाय हितंच," त्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या. "कालपास्नं वस्तीला आलंय. म्हनलं, घरचा निरोप येईस्तवर ऱ्हा बाबा. कुठंतरी ऱ्हायाच पायजे की त्येनं."

मिलिंद उठून उभा राहिला. "मग मी इथेच सांगतो. पसंत आहे."

"हितं नगा सांगू," त्या म्हणाल्या. "हे त्येचं घर न्हवं, दादा. नऊ महिन्याची वस्ती ही. घर म्हंजी जिथनं त्ये साळंला जानार, जिथं दार वाजवून भूक लागली म्हननार. तिथं जावा आन सांगा."

परतीच्या एस.टी.त मिलिंद खिडकीकडे तोंड करून बसला होता. सातारा जवळ आल्यावर तो म्हणाला, "काका, ते तर आमचंच घर."

मला हे पटलं, आणि पटल्यावर आणखीच गोंधळ झाला.

संध्याकाळी मिलिंदने इस्त्रीचा शर्ट घातला, कंदी पेढ्यांचा पुडा घेतला आणि मला बरोबर घेऊन जिना उतरला. खाली रस्त्यापर्यंत जाऊन आम्ही परत वर आलो. चपला दाराबाहेर काढून त्याने स्वतःच्या घराची बेल वाजवली.

मावशींनी दार उघडलं. त्यांनी शर्ट पाहिला, पुडा पाहिला, आणि पदर सावरला.

"बाळ आहे का घरी?" मिलिंदने विचारलं.

"नाही अजून. यायचंय," मावशी म्हणाल्या. "या ना. बसा."

आम्ही खुर्च्यांच्या कडेला बसलो. मावशींनी पाणी आणलं. मिलिंद आपल्याच भिंतींकडे पाहुण्यासारखा पाहत होता. बाळ आलं नाही. शेवटी तो म्हणाला, "बरं, उद्या येतो," आणि आत जाऊन कपडे बदलून जेवायला बसला.

त्यानंतर दुकान बंद करून तो रोज तसाच येत राहिला. बेल वाजवायची, विचारायचं, बसायचं. जमेल तेव्हा मीही जायचो. मुलाकडचा म्हणून बसतोय की बाळाकडचा, हे मला कधीच ठरवता आलं नाही. बिल्डिंगमधल्या लोकांना सवय झाली. लाइट गेले तर मिलिंद बेलऐवजी कडी वाजवायचा. मधे सुरेखाबाईंचा निरोप आला की बाळाला चिंचेची आमटी आवडते, आणि अजून कोणाकडून काही कळलं का म्हणून ते विचारतंय. त्या आठवड्यात मिलिंद दुकानातून रोज लवकर येऊ लागला.

नऊ महिने भरल्यावर एका बुधवारी आम्ही असेच दारात उभे होतो. दुपारी मी कुठे बाहेर गेलेलो आणि मिलिंद दुकानात, त्यामुळे आम्हाला काही ठाऊक नव्हतं. मावशींनी दार जरासंच उघडलं. त्यांच्या खांद्यावर पंचा होता.

"बाळ आहे का घरी?" मिलिंदने नेहमीप्रमाणे विचारलं.

"आहे," मावशी म्हणाल्या. "दुपारीच आलं. झोपलंय. हळू बोला."

मिलिंदच्या हातातला पुडा खाली पडला. मी तो उचलला.

"पसंत आहे म्हणून सांगायला आलो होतो," तो कुजबुजला.

"ते मला नका सांगू. उठलं की तुमच्या तोंडाने सांगा."

तो आत येऊन खुर्चीच्या कडेला बसला. मीही त्याच्या शेजारी बसलो. मावशी पोहे भिजवायला गेल्या.