एक नंबरच्या दोन भट्ट्या

पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईतला आकडा : दोन.

नखानेही हलतील अशा बारीक खटक्यांची रांग.

जळलेल्या साखरेचा वास.

"हात नाही लावला. दुरुस्त केलं."

एक पडदा, त्यावर नुसत्या आडव्या रेघा.

हे सगळं जोडायला हवं. बेकरीतही सगळं जोडलेलंच होतं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

बेकरी दोघा भावांची आणि बहिणीची. एक भाऊ पाववाला, दुसरा बिस्किटवाला. दोघं एकाच दिवशी जन्मले आणि तेव्हापासून दोघंही थोरले होते. आईला विचारलं की ती म्हणायची, "त्या धांदलीत तुमच्याकडे बघायला वेळ कोणाला होता?" त्यांनी एकमेकांना आजवर दादा म्हटलं नव्हतं, 'ए'वर भागत होतं. बहीण अंगकाठीने लहान, म्हणून बारकी. ती गल्ल्यावर बसायची. त्याचा वीट आल्यावर ती यंत्रं जोडायला शिकली आणि तळहाताएवढा एक कंट्रोलर बसवून तिने दोन्ही भट्ट्या, धुराचा पंखा आणि पीठ मळायचं यंत्र एकाच तारेवर आणले. नियम सोपा. प्रत्येक यंत्राला एक नंबर, तो त्याच्या मागच्या बारीक खटक्यांनी ठरायचा. कंट्रोलर ज्याचा नंबर पुकारेल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं.

"एक, किती गरम?"

"दोनशे वीस."

"दोन, किती गरम?"

"एकशे सत्तर."

इतकं सभ्य संभाषण या कुटुंबात पूर्वी झालं नव्हतं.

"बघ बारके," पाववाल्याने बजावलं होतं, "आज हॉस्पिटलची पावांची पहिली ऑर्डर आहे. बिनसलं तर हे खोकं काढायचं आणि तू परत गल्ल्यावर." एवढ्या एका बाबतीत बिस्किटवाल्याने लगेच मान डोलावली.

"बिनसलं तरी मी गल्ल्यावर बसणार नाही," बारकी म्हणाली.

सकाळी बिस्किटवाल्याला आपल्या भट्टीवरची 'दोन'ची पट्टी दिसली. त्याने ती खरवडून काढली. मग पाववाल्याच्या भट्टीमागचे खटके पाहून आपले तस्से केले आणि समाधानाने बिस्किटं आत सरकवली.

"एक, किती गरम?" कंट्रोलरने विचारलं.

दोन्ही भट्ट्या एकदम बोलल्या : "दोनएकशेशेसत्तवीसर."

कंट्रोलरच्या पडद्यावर नुसत्या रेघा आल्या. हुकूम मात्र दोघींनी निमूट ऐकला : एक, दोनशे वीस कर. बिस्किटांचा कोळसा झाला.

"हिचं खोकं!" बिस्किटवाला कडाडला.

"खोकं नाही, तुझा हात. खटके कोणी हलवले?"

"हात नाही लावला. दुरुस्त केलं. मी दोन नंबर काय म्हणून?"

"अरे, तो नुसता पत्ता आहे! दोन नंबरच्या घरात राहणारा काय हलका असतो?"

"मग ह्याला टाक तिथे."

"टाकून तर बघ," पाववाला कणकेच्या हातांनिशी आला.

बारकीने पाववाल्याची भट्टी दोन केली. तिची पाठ वळताच ती परत एक झाली.

"नंबर मोठा म्हणजे माणूस मोठा नव्हे!" ती वैतागली.

"म्हणजे एक मोठा नाहीच? मग सगळ्यात मोठा कुठला?"

"चार. पण तो मळायच्या यंत्राचा..."

वाक्य पुरं व्हायच्या आत दोघं आपापल्या भट्टीमागे पोचले होते. पाववाल्याने कंट्रोलरवरही आपल्या भट्टीपुढे चार दाबला. कंट्रोलरने पुकारलं : चार, दोनशे वीस कर. मळायच्या यंत्राने तो आपला वेग समजला. पीठ छताला लागलं, आणि परतताना दोघांच्या डोक्यावर बसलं.

तेवढ्यात हॉस्पिटलच्या ड्रायव्हरचा फोन आला : निघालोय.

"झालं समाधान?" पिठाखालून पाववाला म्हणाला. "सगळ्यांना नंबर वाटलेस. स्वतःला कुठला घेतलास गं?"

"एकही नाही."

"मग शून्य घे!" बिस्किटवाला म्हणाला, आणि दोघं कित्येक वर्षांनी एकत्र हसले.

"घेतला," बारकी म्हणाली.

तिने मळायच्या यंत्राची तार उपटली आणि कंट्रोलरसमोर बसली. यंत्रांच्या भाषेत शून्य हा कोणा एकाचा पत्ता नसतो. शून्य पुकारला की तारेवरच्या सगळ्यांनी ऐकायचं, मग मागे नंबर कुठलाही असो, आणि कोणीही उत्तर द्यायचं नाही. तिने लिहिलं : शून्य, दोनशे वीस कर. दोन्ही भट्ट्या तापू लागल्या. पंखाही उगाच पिसाळला. त्याला तिने पिसाळू दिलं.

"आज बिस्किटं बंद. ट्रेमध्ये लावून ठेवलेले पाव दोन्हीकडे."

"माझ्या भट्टीत पाव? ह्याचे?"

"शून्याला उलट बोलायचं नसतं. ट्रे उचल."

त्याने उचलला. यंत्रं उत्तर देत नव्हती, म्हणून बारकी काचेला नाक लावून पावाचा रंग बघत राहिली. दोन भट्ट्यांचे पाव ड्रायव्हर येईतो मोजून ठेवलेले होते. त्याने एक तोडून खाल्ला, "उद्या पण एवढेच," म्हणाला आणि गेला.

"बरं," पाववाला डोक्यावरचं पीठ झटकत म्हणाला, "आता आमचे नंबर परत दे."

"उद्या. खटक्यांवर पत्रा ठोकल्यावर."

"आणि ते खोकं?"

"राहणार. त्याच्यासमोर मीच बसणार. गल्ल्यावर तुम्ही पाळीपाळीने बसा."

"आमच्यावर हुकूम चालवणारी तू कोण गं?" दोघं एकदम म्हणाले.

बारकी पत्र्याचं माप घेत होती.

आईला एकाच बाळंतपणात तिळं झालं होतं : आधी बारकी, मग हे दोघं.