हडळीचे पाय

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत मंगलताई रोज सकाळी उलट्या चालतात. गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, मान जरासुद्धा न वळवता. वाटेत स्कूटर असते, कुंडी असते, कधी सेक्रेटरीही असतो. त्या कशालाच धडकत नाहीत. सेक्रेटरीच उडी मारून बाजूला होतो.

"ताई, जरा भरभर चाला ना," मी एकदा म्हटलं.

"भुताला घाई नसते रे!"

हे अनुभवाचे बोल. तरुणपणी हडळीच्या पाच सिनेमांत हडळीचे उलटे पाय त्यांचे होते. चेहरा नटीचा, पाय ताईंचे. युक्ती त्यांनीच मला सांगितली. साडी मागची पुढे नेसायची, नटीच्या चेहऱ्याचा मुखवटा डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उलटं चालत यायचं. "हात मात्र पदराखाली. कोपरं उलटी वाकत नाहीत ना!"

ज्या पायांच्या भीतीने मी लहानपणी अंथरूण ओलं केलं, ते आता माझ्या खालच्याच मजल्यावर राहतात.

यंदा एका कंपनीने ते सिनेमे नव्याने करायला घेतले. कॉम्प्युटरवर बनवलेले पाय दिग्दर्शिकेला खोटे वाटले, म्हणून ती ताईंना शोधत आली. सत्तरीच्या ताई मला सोबत घेऊन आरे कॉलनीत शूटिंगला गेल्या. तिथे नुसती मुळं, दगड आणि उतार.

"आजी, कमरेला दोरी बांधू?" स्टंटवाल्याने विचारलं.

ताईंनी फक्त बघितलं. त्याने दोरी गुंडाळून ठेवली.

ताई कॅमेऱ्याकडे पाठ करून निघाल्या, पण दहा पावलांवर थांबल्या. "कॅमेऱ्यापाशी कुणीतरी खोका."

कुणाला काही कळेना.

"आमचे हे लाइट धरायचे. तेव्हा सिनेमात आवाज नंतर भरत, म्हणून शूटिंगला खोकलं तरी चालायचं. हे कॅमेऱ्याशेजारून खोकायचे. त्या रोखाने मी यायचे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन."

मी कॅमेऱ्याशेजारी जाऊन खोकलो.

ताई आल्या. टाच आधी मूळ चाचपायची, मग पाऊल टेकायचं. युक्ती ठाऊक असूनही माझ्या अंगावर काटा आला. कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर त्या थांबल्या.

परतताना बसस्टॉपवर मी विचारलं, "बरोबर खोकलो ना?"

"लय मोठ्याने," ताई म्हणाल्या. "ते हळू खोकायचे. मला एकटीलाच ऐकू येईल असं."