साहेब येणार म्हणून

आग लागणे ही नैसर्गिक घटना आहे. आग लागली होती हे सिद्ध होणे ही प्रशासकीय घटना आहे. या दोहोंतला फरक ज्याला कळला, त्याला घराचा विमा कळला. दिंद्रुडच्या बद्रीनाथरावांना तो आठवड्याभरात कळला, आणि तोही कुठल्या शिबिराला न जाता.

बद्रीनाथरावांच्या गल्लीत विमा असलेले घर त्यांचेच. बँकेत ठेव ठेवायला गेले असता तिथल्या गोड बोलणाऱ्या मुलाने तो त्यांच्या गळ्यात घातला होता. पण "आपलं घर इन्शुरन्सचं हाय," असे ते पारावर अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटे, घराला सरकारी नोकरी लागली.

ऐन वैशाखात स्वयंपाकघरातल्या वायरीने पेट घेतला. पत्रे वाकले, कपाट गेले, फ्रीज वितळून त्याचा आकार ओळखू येईना, भिंती काळ्याठिक्कर पडल्या. माणसे वाचली, कारण गल्ली धावून आली आणि हौदातल्या पाण्याने आग विझली. (आगीचा व्हिडिओ कुणीच काढला नाही, कारण सगळ्यांच्या हातात बादल्या होत्या. शहरातल्या वाचकांना हे पटणार नाही.) तालुक्याहून बंब आला तेव्हा गल्ली चहा पीत होती. बंबवाल्यांनीही चहा घेतला आणि नोंद केली, 'घटनास्थळी आग आढळली नाही.' सरकारी नोंदीत खोटे लिहिता येत नाही.

मुलीचा, सायलीचा, साखरपुडा याच घरात व्हायचा होता. ती जळक्या दारात डोळे पुसत उभी राहिली. "रडू नको, पोरी. कंपनी सगळं भरून देती," असे म्हणून बद्रीनाथरावांनी फोन लावला. तिकडून उत्तर आले की आमचे साहेब पाहणीला येतील. पुढेही काही सूचना होत्या, पण तोवर बद्रीनाथरावांनी "साहेब येनार!" म्हणून घर डोक्यावर घेतले होते.

आपल्याकडे साहेब येणार म्हटले की शाळेला रंग लागतो, नालीवर फरशी पडते आणि दवाखान्यात डॉक्टर दिसतात. ही पद्धत अनुभवाने सिद्ध झालेली आहे. तिला एका घराने अपवाद का ठरावे?

"साहेबाला काय काळ्या भिताडाखाली जेवू घालनार व्हय?" विजयमालाबाईंनी नवऱ्याला विचारले.

"अगं, ते भिताडच बघाया येनार हायेत."

"मंग तर लईच सारखं कराया पाहिजे!"

हा तर्क बद्रीनाथरावांना पटला. विमा कंपन्यांना तो अजून पटलेला नाही. शेजारचे पाशाभाई म्हणाले, "इज्जतीचा सवाल हाय, बद्रीभाऊ. पत्रे माझ्याकडून घ्या." गल्लीतल्या जैनबबींनी आपला फ्रीज पाठवला. वनमालाकाकूंनी कपाट दिले. जळके सामान भंगारात गेले, भिंतींना चुन्याचे दोन हात बसले, उंबऱ्यापुढे रांगोळी आली.

साहेब आले. त्यांना टॉवेल-टोपी झाली, पुरणपोळीवर तुपाची धार झाली. हात धुऊन ते म्हणाले, "आता जळालेलं दाखवा."

"टाकून दिलं, साहेब. घान कावून ठिवायची?" बद्रीनाथराव अभिमानाने म्हणाले.

"हा फ्रीज?"

"जैनबबीचा."

"छत?"

"पाशाभाईचं."

"मग यात तुमचं काय आहे?"

"भिताडं."

साहेबांनी भिंतीला बोट लावले. बोट पांढरे झाले. साहेब सज्जन होते; खाल्ल्या घरी खोटे लिहिणे त्यांना जमेना. त्यांनी लिहिले, 'घर उत्तम स्थितीत. स्वयंपाकघर विशेष नीटनेटके. नुकसान आढळले नाही.' बंबाच्या नोंदीशी ही नोंद तंतोतंत जुळली. दोन खात्यांचे असे एकमत क्वचितच होते.

साखरपुडा झाला. व्याह्यांनी स्वयंपाकघराची तोंडभरून स्तुती केली. मग फ्रीज जैनबबींकडे गेला, कपाट काकूंकडे गेले, पत्रे पाशाभाईंनी उन्हाळाभर राहू दिले. रिकाम्या पांढऱ्या खोलीत बसून बद्रीनाथराव प्रथमच रडले. एवढ्यात दारात कुणाची तरी चाहूल लागली. त्यांनी घाईने डोळे पुसले आणि म्हणाले, "या, या! बसा. आपलं सगळं झकास हाय."

वाचकहो, हसा. मात्र दाराची घंटी वाजली तर आधी पलंगाखाली काय ढकलाल, तेवढे पाहून ठेवा. पाहुण्याने "कसं काय?" विचारले की "मजेत" म्हणून तुम्हीही चुन्याचे दोन हात देता. आणि तो गेल्यावर तक्रार करता, की आपलं जळतं ते कुणालाच दिसत नाही.